घाटावरून खाडीवर नजर: शिनाण्यांच्या पाण्यातली विषारी सूक्ष्मशैवालं कशी मोजायची

कोल्हापुरात समुद्र नाही. पण सूक्ष्मदर्शक आहेत, महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत, आणि उद्यमनगरात ॲक्रिलिकची नळी हवी त्या मापाला टर्न करून देणारे लेथ आहेत. घाटाखाली सिंधुदुर्गातल्या खाड्यांत तराफ्यांवर शिनाणे (एक प्रकारचे शिंपले) आणि कालवं वाढवणाऱ्या बचतगटांकडे यातलं काही नाही. पाणी मात्र त्यांच्या दारात आहे. नमुना तिकडे घ्यायचा आणि मोजणी इकडे करायची, अशी वाटणी जमू शकते. ती जमवायची तर दोन्ही टोकांनी काय करायचं आणि गाडं कुठे अडतं, ते पुढे लिहिलं आहे.

शिनाणा दिवसभर पाणी गाळून त्यातली शैवालं खातो. शैवालांपैकी काही मोजक्या जाती विष तयार करतात आणि ते त्याच्या मांसात साठत जातं. त्याला स्वतःला फारसं काही होत नाही, खाणाऱ्याला होतं. हे विष शिजवून जात नाही, कोकम-लिंबानं मरत नाही, गोठवूनही जात नाही. शिजताना चांदीचं नाणं काळं पडतं का, मांजर खातं का, असल्या परीक्षांना काडीचा अर्थ नाही. पाणी लाल दिसलं तरच धोका, हाही गैरसमज. काही जाती लिटरला शे-दोनशे पेशी असल्या तरी त्रास देतात आणि तेवढ्यानं पाण्याचा रंग तसूभरही बदलत नाही. हा प्रश्न फक्त परदेशातला नाही: 1983 मध्ये मंगळूरच्या दक्षिणेला कुंबळे इथे, आणि 1997 मध्ये केरळात विळिंजमला शिंपले खाऊन लोक आजारी पडले. विळिंजमला 7 जण दगावले.

नेमकं कोणाला शोधायचं

सगळी शैवालं ओळखायच्या मागे लागू नका. सुरुवातीला चार नावं पक्की करा.

अलेक्झांड्रियम: गोलसर, चिलखतासारख्या पट्ट्यांची पेशी, साधारण 25 ते 40 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हिचं सॅक्सिटॉक्सिन मज्जातंतूंवर काम करतं. ओठ-जीभ मुंग्या आल्यासारखी होते, बोटं बधिर होतात, प्रमाण जास्त असेल तर श्वास थांबतो. उतारा नाही, वेळेत कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस वाचतो. जिम्नोडिनियम कॅटेनॅटम हेच विष करते, पण तिला चिलखत नसतं आणि ती मण्यांच्या माळेसारखी साखळीनं राहते.

डायनोफायसिस: हिच्यामुळे जुलाब, उलट्या. आपल्या किनाऱ्यावर दिसणारी डायनोफायसिस कॉडाटा ओळखायला सोपी, कारण खालच्या बाजूला लांब शेपूट असतं. नवशिक्यानं इथूनच सुरुवात करावी.

स्यूडो-नित्झशिया: सुईसारखी डायटम (काचेसारख्या कवचाचं शैवाल). पेशी टोकावर टोक चढवून लांब साखळी करतात. हिचं डोमोइक आम्ल 1987 मध्ये कॅनडात लोक आजारी पडल्यावर उजेडात आलं. त्यात स्मृती जाते. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हिची जात सांगता येत नाही, आणि सांगू नये. 3 मायक्रॉनपेक्षा रुंद की अरुंद, एवढे दोन गट करा. जात ठरवायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

नॉक्टिल्युका (रात्री लाटा निळ्या चमकतात ती) आणि ट्रायकोडेस्मियम (लाकडाच्या भुशासारखा तवंग) यांचे फोन सगळ्यात जास्त येतील, कारण त्या डोळ्यांना दिसतात. शिनाण्यात त्यांचं विष साठण्याची भीती वरच्या चौघींइतकी नाही. मात्र दाट झाल्या आणि कुजल्या की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि दोरावरचा माल मरतो. नोंद करा, पण घबराट पसरवू नका.

खाडीवर: नमुना घेणे

बादली बुडवून वरचं पाणी घेणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात फसवं. डायनोफायसिस कधी कधी एखाद्या ठराविक खोलीवर पातळ थर करून राहते. वर काही नाही आणि दीड मीटरवर गर्दी, असं होतं. शिनाणे दोरावर वरपासून खालपर्यंत लटकलेले असतात, म्हणून पाणीही वरपासून खालपर्यंतचं हवं.

त्यासाठी बागेची पारदर्शक नळी पुरते. आतला व्यास 25 मिलिमीटर, लांबी दोराच्या खोलीएवढी, समजा 3 मीटर. अशा नळीत दर मीटरला साधारण 490 मिलिलिटर पाणी मावतं, म्हणजे एका खेपेत जवळजवळ दीड लिटर. खालच्या टोकाला अर्धा-एक किलो वजन आणि एक दोरी बांधा. वजन स्टेनलेस स्टीलचं घ्या. पितळेचं नको, त्यातलं तांबं जिवंत पेशींना मारक.

1. होडीचं इंजिन बंद करून, तराफ्याच्या प्रवाहाकडच्या बाजूला थांबा.
2. नळीचं वरचं टोक उघडं ठेवून ती सरळ, सावकाश सोडा. घाईनं सोडली तर पाणी आत शिरण्याआधी बाजूला ढकललं जातं.
3. पूर्ण खोलीवर गेल्यावर वरचं टोक बुचानं घट्ट बंद करा.
4. दोरीनं खालचं टोक वर ओढा आणि नळी स्वच्छ बादलीत रिकामी करा.
5. बादली हलक्या हातानं ढवळून लगेच बाटल्या भरा. दोन मिनिटं थांबलात तर डायटम तळाला बसू लागतात.

भरतीची वेळ दर खेपेला तीच ठेवा. भरती पूर्ण होण्याआधीचा एक तास बरा, कारण तेव्हा खाडीत समुद्राचं पाणी असतं. एका आठवड्यात भरतीला आणि पुढच्या आठवड्यात ओहोटीला नमुना घेतला तर तुम्ही दोन वेगळी पाणी मोजलीत, दोन आठवडे नाही. उधाण की भांग (मोठ्या भरतीचे दिवस की लहान), तेही वहीत लिहा. सोबत तापमान, रिफ्रॅक्टोमीटरवर क्षारता, आणि पांढरी तबकडी किती खोलीपर्यंत दिसते हे तीन आकडे. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढे एखादा विचित्र आकडा आला की उत्तर बहुधा या तीन रकान्यांत सापडतं.

प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टी घ्यायच्या. मोजणीसाठी 500 मिलिलिटर पाणी, त्यात लगेच ल्युगोल (पेशी टिकवणारं आयोडिनचं द्रावण, कृती पुढे आहे). ओळख पटवण्यासाठी 20 मायक्रॉनच्या जाळीतून ओढलेला जिवंत नमुना. आणि मांसासाठी 20 ते 25 शिनाणे, दोराच्या वरून, मधून आणि खालून मिळून. जाळीच्या नमुन्यावरून आकडा कधीही काढू नका: बारीक स्यूडो-नित्झशिया जाळीतून निसटते आणि जाळीतून किती पाणी गेलं हेही कळत नाही.

दोरावर बी साधारण पावसाळा सरल्यावर चढतं आणि माल पुढच्या पावसाआधी निघतो. तेवढे महिने आठवड्याला एक नमुना. काढणीच्या आधीचे तीन आठवडे, किंवा मोजणीत नको ती पेशी दिसल्यापासून, आठवड्याला दोन. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहावरून शैवालांच्या फुलोऱ्याची माहिती देते, तीही बघत जा. मात्र तिच्यावर विसंबून बाटली चुकवू नका. उपग्रहाला रंग दिसतो, लिटरमधल्या शंभर पेशी दिसत नाहीत.

ल्युगोलचं द्रावण

औषधाच्या दुकानातलं जखमेचं पोव्हिडोन आयोडिन चालत नाही. घरी करायचं ते असं: 20 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आधी थोड्याच, 30-40 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा. त्यात 10 ग्रॅम आयोडिनचे स्फटिक टाकून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. मग पाणी घालून 200 मिलिलिटर करा आणि शेवटी 20 मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक आम्ल. क्रम बदलून सगळं पाणी आधी ओतलं की आयोडिन तळाशी बसून राहतं आणि तासभर ढवळूनही हलत नाही. हातमोजे घाला, आणि हे काम खिडकीजवळ करा.

100 मिलिलिटर नमुन्याला अर्धा ते एक मिलिलिटर. खरं माप रंगाचं: बिनदुधाच्या फिक्या चहासारखा. कमी पडलं तर पेशी कुजतात, जास्त झालं तर त्या इतक्या काळ्या होतात की पट्ट्या दिसत नाहीत.

बाटली तपकिरी काचेची. प्लॅस्टिक आयोडिन शोषून घेतं. चार दिवसांपुरतं ठीक, महिनाभर नाही. बाटली काठोकाठ भरू नका, हलवायला जागा लागते.

घाट चढताना

जिवंत नमुना आणि मांस एकाच बर्फाच्या डब्यात घालणं, ही इथली नेहमीची चूक. मांस बर्फातच हवं. जिवंत नमुन्याला मात्र बर्फ लागला की नाजूक पेशी फुटतात आणि कोल्हापुरात पोचतो तो नुसता गाळ. त्याची बाटली अर्धीच भरा, ओल्या फडक्यात गुंडाळून वेगळ्या पिशवीत सावलीत ठेवा, आणि पोचल्याबरोबर, शक्यतो त्याच दिवशी बघा. ल्युगोलच्या बाटलीला बर्फ नको, फक्त अंधार हवा. झाकणाखाली आतलं बूच असू द्या; फोंड्याच्या नाहीतर करूळच्या वळणांवर आडवी पडलेली बाटली शेजारच्या माणसाची पिशवी कायमची तपकिरी करते.

बसवण्याचं पात्र

ही पद्धत उटरमोल यांची: ठराविक पाणी उंच नळीत भरून पेशी तळाच्या काचेवर बसू द्यायच्या आणि खालून, उलट्या सूक्ष्मदर्शकानं मोजायच्या. तयार पात्रं आयात होतात आणि महाग पडतात. लेथवर करून घ्यायची तर मापं अशी. तळपट्टी: 3 ते 5 मिलिमीटर जाड ॲक्रिलिक, मध्ये 25 मिलिमीटरचं भोक, खालून 0.17 मिलिमीटरची काच सिलिकॉननं चिकटवलेली. वर सरकणारी नळी, आतला व्यास तोच 25 मिलिमीटर. 50 मिलिलिटरसाठी पाण्याची एकूण उंची 10.2 सेंटिमीटर येते, 25 साठी 5.1. कारागिराला सांगा की नळीची खालची कड आणि पट्टीचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट हवा. तिथे केसभर फट राहिली तर सकाळी टेबलावर पाणी आणि पात्रात हवा. व्हॅसलिनचा अगदी पातळ थर लावा. जाड लावलंत तर ते आत येऊन काच धूसर करतं. तयार पात्र कोरडं तराजूवर ठेवून ऊर्ध्वपातित पाणी भरा: 50 ग्रॅम भरलं पाहिजे.

ॲक्रिलिक पुसायला स्पिरिट किंवा ॲसिटोन वापरू नका, बारीक तडे जातात. सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे.

भरण्याआधी बाटली हळूहळू उलटी-सुलटी करत दोन-तीन मिनिटं मिसळा. झटके देऊन हलवली तर साखळ्या तुटतात. 25 मिलिलिटरला 16 तास, 50 ला 24 तास बसू द्या. पात्र आणि पाणी दोन्ही आधी काही तास त्याच खोलीत असू द्या. एप्रिलमध्ये थंड बाटलीतलं पाणी गरम खोलीतल्या पात्रात ओतलं की भिंतीला बुडबुडे धरतात, आणि पाणी आतल्या आत फिरून सगळ्या पेशी एका बाजूला चंद्रकोरीसारख्या गोळा होतात. तशी कोर दिसली तर ते पात्र फेकून पुन्हा भरा. गुणाकार करून दुरुस्त होणारी ती चूक नाही. पंखा नको, आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरचं टेबल तर नकोच.

सरावाला घाटाखाली जायची गरज नाही, रंकाळा आहे. तिथली मायक्रोसिस्टिस ही हिरवी साय धरणारी निळी-हिरवी शैवालं सरावाला छान, शिवाय एक धडाही देतात: त्यांच्या पेशींत हवेच्या पोकळ्या असल्यानं त्या तळाला बसतच नाहीत. तळाची काच रिकामी आणि वर तरंगतंय सगळं. नमुना बूच लावलेल्या सिरिंजमध्ये घेऊन दट्ट्या जोरात दाबला की पोकळ्या फुटतात आणि मग त्या बसतात. समुद्रातल्या ट्रायकोडेस्मियमच्या पोकळ्या जास्त मजबूत असतात, तिथे ही युक्ती चालेलच असं नाही.

उलटा सूक्ष्मदर्शक नसेल तर 1 लिटर नमुना ल्युगोलसह उंच मापनळीत 48 तास ठेवा, वरचं पाणी बारीक नळीनं काढून 10 मिलिलिटरवर आणा, आणि त्यातलं 1 मिलिलिटर सेजविक-राफ्टर पट्टीवर (तेवढंच पाणी मावणारी मोजणीची काचपट्टी) साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. पट्टी 1 मिलिमीटर खोल असल्यानं 40 चं भिंग तिला टेकतं, त्यामुळे 10 किंवा 20 चंच वापरा.

मोजणी

मोठ्या पेशींसाठी, म्हणजे डायनोफायसिस, अलेक्झांड्रियम, साखळ्या, 100 पट मोठं करून पूर्ण तळ बघा. शेतात नांगर धरल्यासारखं एका कडेनं जा, शेजारच्या सरीनं परत या. रिकामं कवच वेगळं लिहा, जिवंत पेशींत धरू नका. साखळीतल्या पेशी मोजा, साखळ्या नाहीत.

स्यूडो-नित्झशियासाठी 400 पट, आणि पूर्ण तळाऐवजी मधोमध एक पट्टा. समजा दृष्टिक्षेत्राचा व्यास 0.45 मिलिमीटर (स्टेज मायक्रोमीटरनं, म्हणजे बारीक खुणांच्या काचपट्टीनं, स्वतः मोजा, पुस्तकातला घेऊ नका). पट्ट्याचं क्षेत्र 25 गुणिले 0.45, म्हणजे 11.25 चौरस मिलिमीटर. तळाचं क्षेत्र 490.9. भागाकार 43.6. पात्र 25 मिलिलिटरचं असेल तर लिटरसाठी आणखी 40 नं गुणा: पट्ट्यातली एक पेशी म्हणजे लिटरला सुमारे 1745. पट्ट्यात 30 दिसल्या तर 52,000.

अलेक्झांड्रियमबद्दल शंका असेल तर थेंबभर सोडियम थायोसल्फेटनं ल्युगोलचा रंग उडवा, कॅल्कोफ्लोर रंग घाला आणि अतिनील प्रकाशाच्या फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पट्ट्या निळ्या रेषांनी आखल्यासारख्या दिसतात. तेवढी सोय नसेल तर "अलेक्झांड्रियमसारखी" असंच लिहा. अर्धवट खात्रीनं पूर्ण नाव लिहिलं की पुढच्या माणसाला ते खोडता येत नाही.

शून्य म्हणजे किती

या सगळ्या कामात शून्य हा आकडा सर्वांत जास्त फसवतो. 25 मिलिलिटर पूर्ण पाहिलं आणि डायनोफायसिसची एकही पेशी दिसली नाही. अहवालात "शून्य" जातं, तराफ्यावर आनंद होतो. पण एक पेशी म्हणजे लिटरला 40. आणि योगायोगाचा हिशोब असा की खऱ्या सरासरीनं त्या पात्रात 3 पेशी असायला हव्या होत्या, तरी वीसातून एखाद्या वेळी एकही सापडत नाही. म्हणजे लिटरला 120 असूनही शून्य येऊ शकतं. युरोपातल्या काही कार्यक्रमांत डायनोफायसिससाठी कान टवकारायची पातळीच लिटरला 100-200 च्या घरात आहे. तुमचं शून्य त्या पातळीबद्दल खात्रीनं काही सांगत नाही!

उलट बाजूही तशीच. 3 पेशी दिसल्या, 120 लिहिलं. खरा आकडा 25 ते 350 मध्ये कुठेही असू शकतो. 100 पेशी मोजल्या तर चूक अधिक-उणे 20 टक्क्यांवर येते, 400 मोजल्या तर 10 वर.

म्हणून डायनोफायसिस आणि अलेक्झांड्रियमसाठी किमान 50 मिलिलिटर, जमलं तर दोन पात्रं मिळून 100. आणि "शून्य" हा शब्द अहवालात नको. 100 मिलिलिटर पाहून काही दिसलं नाही तर "लिटरला 30 पेक्षा कमी" लिहा. गटाला जाणारा निरोप असा:

"ताई, 14 तारखेचा तराफा क्र. 2, भरतीआधी 1 तास, 0 ते 3 मीटर. 100 मिलि पाहिलं. डायनोफायसिस 9 पेशी, म्हणजे लिटरला 90. अलेक्झांड्रियम दिसली नाही, लिटरला 30 पेक्षा कमी. 18 ला पुन्हा पाणी पाठवा, सोबत 25 शिनाणे बर्फात. तोवर माल काढू नका."

आकडा आला, पुढे काय

पेशींचा आकडा माल विकायचा की नाही हे ठरवत नाही. मांस तपासायची वेळ झाली का, एवढंच तो सांगतो. एकाच जातीच्या पेशींतलं विष ठिकाणागणिक आणि ऋतूगणिक बदलतं. अलेक्झांड्रियमची एक जरी खात्रीची पेशी दिसली तरी मांस पाठवा. स्यूडो-नित्झशियासाठी लिटरला 50,000 ही सुरुवातीची रेघ बरी. या पातळ्या थंड पाण्याच्या समुद्रांतून आल्या आहेत. आपल्या खाडीची दोन-तीन हंगामांची वही झाली की त्या बदलाव्या लागतील, बहुधा खालीच.

मांसाच्या मर्यादा कोडेक्सनं (अन्नाचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणारी संस्था) घातलेल्या: किलोला सॅक्सिटॉक्सिन गट 0.8 मिलिग्रॅम, ओकाडाइक आम्ल गट (डायनोफायसिसचं विष) 0.16, डोमोइक आम्ल 20. ही तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच. लागणारं यंत्र महाविद्यालयात सहसा नसतं. पट्टीच्या झटपट चाचण्या मिळतात, त्या चाळणीसारख्या वापरा. पट्टीवर "नाही" आलं म्हणून बंद पाणी उघडू नये.

पाणी बंद केलं तर उघडायचा नियम आधीच ठरवा, नाहीतर दर वेळी फोनवर भांडण. चालत आलेली पद्धत अशी: किमान 48 तासांच्या अंतरानं घेतलेले सलग दोन मांस-नमुने मर्यादेच्या आत. पेशी पाण्यातून गेल्या म्हणजे मांसातून विष गेलं असं नाही. शिनाणे विष भराभर घेतात आणि तुलनेनं लवकर टाकतातही. म्हणून एकाच जागी दोन्ही असतील तर पहारेकरी म्हणून शिनाणे तपासा, पण त्यांच्या अहवालावर कालवं उघडू नका, ती वेगळी तपासा.

मोजून झालेली बाटली ओतून टाकू नका. वर्षभर अंधारात ठेवा आणि महिन्यातून एकदा रंग बघून, फिकी झाली असेल तर ल्युगोलचे चार थेंब घाला. झाकणावर नाही, बाटलीच्या अंगावर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी चिकटवा: पेनची शाई आयोडिनच्या वाफेनं आणि ओलीनं उडते, आणि झाकणं धुताना आपसांत बदलतात.